काजव्यांचा अभ्यास आणि जपणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजवे पाहायला सह्याद्रीत जाणारे पुष्कळ आहेत. एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवणारे फार थोडे. या नोंदीसाठी पदवी लागत नाही. वही, घड्याळ, लाल जिलेटीन कागद आणि दिवा विझवून शांत उभं राहण्याची तयारी एवढ्यावर काम सुरू होतं. खालची उत्तरं घाटमाथ्याच्या परिसराला धरून दिली आहेत.

काजवे नेमके कधी दिसतात?

रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे साधारण २५ मेपासून, घाटमाथ्यावर काजवे दिसू लागतात. मृग लागतो तेव्हा, ७-८ जूनच्या आसपास, त्यांचा बहर असतो. पण तारखेपेक्षा वळवावर लक्ष ठेवा. एक-दोन चांगल्या सरी पडून माती ओली झाली, हवा दमट आहे आणि वारा पडलाय, अशा रात्री काजवे सर्वांत जास्त असतात. मोसमी पाऊस धो धो लागला की आठ-दहा दिवसांत सगळं ओसरतं.

जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पहिले काजवे उठतात आणि आठ ते साडेनऊ हा भराचा काळ असतो. शुक्ल अष्टमी ते पौर्णिमा या दिवसांत चांदण्यामुळे चमक फिकी पडते आणि मोजणी चुकते. दिनदर्शिकेत अमावास्या पाहून, तिच्या मागचे-पुढचे पाच दिवस धरून बेत आखा.

मग उरलेलं वर्षभर ते कुठे असतात?

जमिनीत आणि जमिनीलगत. काजव्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जूनमध्ये झाडावर दिसतो तो प्रौढ काजवा, आणि त्याचं ते आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं. बऱ्याच जातींचे प्रौढ काही खातसुद्धा नाहीत. अळीपणी साठवलेल्या चरबीवर ते जगतात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात आणि मरतात.

मादी ओल्या मातीत, शेवाळात, पाचोळ्याखाली बारीक पिवळसर अंडी घालते. दोन ते चार आठवड्यांत अळ्या बाहेर पडतात. तोवर पावसाळा लागलेला असतो आणि गोगलगायी जागोजाग झालेल्या असतात. अळी गोगलगायीच्या चिकट मागावरून तिला गाठते, शंखावर चढते आणि मऊ अंगाला, बऱ्याचदा शिंगाजवळ, पुन्हा पुन्हा चावते. तिच्या जबड्यांत बारीक नळी असते. त्यातून विषारी पाचक रस आत जातो, गोगलगाय सुन्न पडते, तिच्या मांसाचा रस होतो आणि अळी तो शोषून घेते. शेपटीच्या टोकाला बोटांसारख्या तंतूंचा झुबका असतो. जेवण झालं की अळी त्यानेच तोंडावरचा आणि पाठीवरचा चिकटा पुसून काढते. गोगलगायींखेरीज बिनशंखाच्या लोळगायी आणि लहान गांडुळंही ती खाते.

हिवाळा-उन्हाळ्यात अळी मातीत, दगडाखाली, कुजक्या ओंडक्याच्या आडोशाला दबून राहते. मग मातीत कोष करते आणि वळवाच्या ओलाव्यावर प्रौढ बाहेर येतो. म्हणून मे-जूनमध्ये पर्यटकांना शिस्त लावणं गरजेचं असलं तरी काजव्यांचं भवितव्य ठरतं ते जुलै ते एप्रिलमध्ये त्या जमिनीचं काय होतं यावर.

काजवा हा किडा आहे की माशी? नर-मादी कसे ओळखायचे?

काजवा हा भुंगेरा आहे, म्हणजे कठीण किंवा चिवट वरच्या पंखांच्या कीटकांपैकी. जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. वरून पाहिलं तर डोकं ढालीसारख्या कवचाखाली झाकलेलं दिसतं आणि वरचे पंख इतर भुंगेऱ्यांपेक्षा मऊ असतात.

सह्याद्रीत झाडांवर थव्याने चमकणाऱ्या काजव्यांत नर-मादी ओळखायला पोटाकडून पाहावं लागतं. नराच्या पोटाचे शेवटचे दोन्ही खंड दुधी पांढरे असतात. मादीचा एकच खंड पांढरा असतो आणि त्याच्यामागे बिनउजेडाचा खंड दिसतो. उडणारे बहुतेक नर असतात. माद्या गवतावर, खालच्या फांद्यांवर बसून उत्तर देतात. काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. त्या अळीसारख्या दिसतात आणि जमिनीवरच असतात. पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही ते यासाठी.

एका झाडावरचे शेकडो काजवे एकदम कसे चमकतात? त्यांचा कुणी म्होरक्या असतो का?

म्होरक्या नसतो. प्रत्येक नराची चमकण्याची स्वतःची लय असते आणि शेजारचा चमकलेला दिसला की तो आपली लय त्याच्याशी जुळवून घेतो. असं शेजाऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत पसरत गेलं की अख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. कधी कधी चमक वरून खाली लाटेसारखी उतरते. ती जुळवाजुळव पुढे सरकत असते, ती आपल्याला तशी दिसते.

ही जुळणी पूर्णपणे नजरेवर चालते. मध्येच गाडीचा प्रखर झोत पडला की झाडाचा तेवढा भाग गप्प होतो आणि लय पुन्हा बसायला वेळ लागतो. दिवा विझवल्यावर घड्याळ लावून पाहा. झाड पुन्हा एका लयीत यायला किती मिनिटं लागली, ही नोंदसुद्धा मोलाची आहे. मात्र ती मिळवण्यासाठी मुद्दाम झोत मारू नका.

कोणत्या झाडांवर शोधायचे?

हिरडा, बेहडा, सादडा म्हणजे ऐन, जांभूळ, उंबर. ओढ्याकाठची, भातखाचरांच्या कडेची जुनी, पसरलेली झाडं आधी पाहा. एक झाड भरलेलं आणि शेजारचं तसंच झाड रिकामं, असं नेहमी दिसतं. म्हणून झाडाचं नाव लिहून थांबू नका; नेमकं कोणतं झाड ते नकाशावर खूण करून ठेवा.

अंधारात विजेरी वापरायचीच नाही का? साप-विंचवाचं काय?

चालताना विजेरी वापरायचीच. वळवानंतरच्या रात्री घोणस, फुरसं, मण्यार आणि विंचू बाहेर असतात. पायात गमबूट किंवा घोट्याच्या वरचे बूट घाला, हातात काठी ठेवा. काजवे पाहण्यासाठी सापावर पाय देण्याची जोखीम कुणीही घेऊ नये.

विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या रबराने बसवा. एक घडी पुरत नाही. तिच्यातून पांढरा उजेड झिरपतो. कागद नीट बसलाय का हे पाहायला उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडा. मधला ठिपका गुलाबी दिसला तर अजून एक घडी घाला. झोत कायम पायाखाली ठेवा, झाडाकडे कधीच नको. ठरलेल्या जागी पोचलात की लाल उजेडही विझवा. काजव्यांना लाल रंग कमी दिसतो, पण मुळीच दिसत नाही असं समजू नका.

मोबाइलचा पडदा हा विसरला जाणारा दिवा आहे. उजेड सर्वांत कमी करून पडद्यावरही लाल कागद लावा किंवा मोबाइल खिशातच ठेवा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका क्षणाच्या पांढऱ्या उजेडाने ती मोडते.

डास पळवणारं मलम लावायचं असेल तर तळहाताला आणि बोटांना लावू नका. त्या हाताने काजव्याला स्पर्श झाला तर त्याला इजा होते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब मोजे हा त्याहून चांगला उपाय.

इतके सगळे काजवे मोजायचे तरी कसे?

एकेक काजवा मोजायचा नसतो. ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या वेळात किती चमका दिसल्या ते मोजायचं असतं. खालची पद्धत दोन माणसांना सहज जमते.

काळ्या पुठ्ठ्यात १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची खिडकी कापा. पुठ्ठ्याला ५० सेंटिमीटर लांबीची सुतळी बांधा आणि सुतळीचं दुसरं टोक गालाशी धरा; म्हणजे पुठ्ठा दर वेळी डोळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर राहील. झाड १० मीटरवर असेल तर या खिडकीतून झाडाचा २ मीटर बाय २ मीटर तुकडा दिसतो. उभं राहायच्या जागी दिवसा जाऊन दगड मांडून ठेवा आणि झाडापर्यंतचं अंतर टेपने मोजा.

रात्री जागेवर पोचल्यावर २० मिनिटं काहीच करू नका. मग एकाने खिडकीतून पाहायचं आणि दुसऱ्याने घड्याळ सांभाळायचं. १० सेकंदांतल्या चमका मोजा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मोजा. असं तीनदा करून तिन्हीतला मधला आकडा धरा. सरासरी नको, कारण एखाद्या वेळी गाडीचा उजेड येऊन आकडा कोसळलेला असतो. आठ, साडेआठ आणि नऊ अशा तीन वेळांना हीच मोजणी करा.

झाड एका लयीत पेटत असेल तर चमका मोजणं डोळ्यांच्या आवाक्यात राहत नाही. तेव्हा पूर्ण झाडासाठी श्रेणी लिहा: एकही नाही तर ०, दहापर्यंत १, शंभरपर्यंत २, हजारपर्यंत ३, त्याहून जास्त ४. ही श्रेणी ढोबळ आहे, पण दोन वेगळ्या माणसांची श्रेणी सहसा जुळते. “खूप होते”, “लाखो होते” या शब्दांचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

दर नोंदीत एवढं लिहा: तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, झाड, अंतर, तीन आकडे, तापमान, आर्द्रता, वारा (पानं स्थिर, हलतात की फांद्या हलतात), गेल्या २४ तासांत पाऊस झाला का, चंद्राची तिथी, आणि नजरेच्या टप्प्यात किती दिवे होते. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं उपकरण काही शे रुपयांत मिळतं. ते खिशात ठेवू नका; अंगाच्या उबेने आकडा चुकतो. फांदीला दहा मिनिटं लटकवून मग वाचा.

२० मे ते ३० जून या काळात दर पाच-सहा दिवसांनी त्याच जागी जा. सात-आठ फेऱ्या होतात. त्यातल्या काही चांदण्या रात्री येतील; तिथी लिहिलेली असली की ते आकडे वेगळे धरता येतात. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत एकही काजवा दिसला नाही तर शून्य लिहाच. त्या शून्यांमुळेच हंगाम कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कळतं. लोक शून्याची रात्र लिहायची टाळतात आणि नोंदवही नेमकी तिथे निकामी होते.

चमकण्याची लय कशी टिपायची?

यासाठी कॅमेरा लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा, एकाच काजव्यावर नजर ठेवा आणि तो चमकला की तोंडाने “टिक” म्हणा. एक मिनिट पुरे. घरी ते मुद्रण संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडलं की प्रत्येक “टिक”चा उंचवटा दिसतो आणि दोन टिकांमधलं अंतर सेकंदाच्या दशांशापर्यंत वाचता येतं. आपण चमक पाहून बोलायला थोडा उशीर करतो, पण तो दर वेळी साधारण सारखाच असल्याने अंतरात फारसा फरक पडत नाही.

निदान दहा काजव्यांची लय घ्या आणि शेजारी तापमान लिहा. उष्ण रात्री चमका भरभर येतात, गार रात्री सावकाश. तापमानाशिवाय लिहिलेली लय दुसऱ्या रात्रीच्या लयीशी ताडून पाहता येत नाही. उडताना आणि बसून चमकण्यातही फरक असतो, तोही नोंदवा.

फोटोवरून जात ओळखता येते का?

बहुतेक वेळा नाही. कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, अंदाज बांधता येतो. झाडांवर एका लयीत चमकणारे अबस्कॉन्डिटा प्रजातीचे काजवे भारतात बऱ्याच ठिकाणी नोंदले गेले आहेत आणि बिनपंखी, मोठ्या माद्यांची लॅम्प्रिजेरा ही प्रजातीही पश्चिम घाटात आहे. नेमकी जात ठरवायला नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात आणि ते तज्ज्ञांचं काम आहे.

तरीही चांगल्या फोटोंनी त्यांचं काम सोपं होतं. काजवा पारदर्शक डबीत घ्या, खाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा आणि चार फोटो काढा: वरून, पोटाकडून, बाजूने, आणि डोक्यावरच्या ढालीचा जवळून. दोन-तीन मिनिटांत जिथून घेतला त्याच फांदीवर सोडा. अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय हे करू नका. तिथे काजवा पकडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो.

मुलांना दाखवायला बाटलीत भरले तर चालेल का?

नको. प्रौढ काजव्याला मोजक्या रात्री मिळालेल्या असतात. त्यातली एक बाटलीत गेली तर जोडीदार मिळण्याची संधीच जाते. मुलांना हातावर येऊन बसलेला काजवा पाहू द्या, तो आपणहून उडेपर्यंत हात हलवू नका.

काजवा विषारी असतो का?

हात लावल्याने माणसाला काही होत नाही. मात्र बऱ्याच जातींच्या अंगात कडू, विषारी द्रव्यं असतात आणि काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. घरात सरडा, बेडूक पाळला असेल तर त्याला काजवा खाऊ घालू नका.

अळ्या कशा शोधायच्या? घरी वाढवता येतात का?

जुलै ते सप्टेंबर हा अळ्या शोधायचा काळ. पावसाने उघडीप दिलेल्या रात्री बांधाच्या, ओढ्याच्या किंवा विहिरीच्या कडेने अगदी सावकाश चाला, दर दहा पावलांवर थांबून दिवा विझवा. जमिनीवर न लुकलुकणारा, मंद हिरवट, सलग उजेड दिसला तर ती अळी. प्रौढ चमकतो, अळी तेवत राहते. शेपटीकडे दोन बारीक ठिपके असतात; जवळून पाऊल वाजलं की ते विझतात. तिथेच बसून दोन मिनिटं वाट पाहा. लाल उजेडात पाहिलं तर चपटं, खवल्याखवल्यांचं, काळपट अंग दिसेल.

घरी वाढवणं जमतं, पण वर्षभर टिकवणं कठीण आहे. करायचंच असेल तर अभयारण्याबाहेरची, जमीनमालकाच्या परवानगीने घेतलेली एकच अळी घ्या. २० सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटरच्या डब्यात, जिथे अळी सापडली तिथलीच माती ४-५ सेंटिमीटर भरा, वर पाचोळा आणि सालीचा एक तुकडा ठेवा. झाकणाला सुईने भोकं पाडा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी गळू नये, एवढी ओल ठेवा. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवून मगच शिंपडा. दर तीन-चार दिवसांनी अळीच्याच आकाराची एक जिवंत गोगलगाय द्या.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. उरलेलं मांस डब्यात राहतं आणि बुरशी येते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा शंख काढा. डबा खिडकीत उन्हात ठेवला जातो आणि अळी वाळून मरते. आणि अळी कोष करण्यासाठी मातीत गेली की “मेली का पाहू” म्हणून माती उकरली जाते. मार्चनंतर अळी दिसेनाशी झाली तर हात लावू नका, फक्त ओल सांभाळा. एका डब्यात दोन अळ्या ठेवल्या तर भुकेली अळी दुसरीला खाऊ शकते.

फोटो काढताना काय काळजी घ्यावी?

उजेड असतानाच पोचा, तिवई लावा, झाडावर फोकस साधून तो हाताने पक्का करा. छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठं (म्हणजे आकडा त्याहून लहान), आयएसओ १६०० ते ३२००, उघडझाप १५ ते ३० सेकंद. फ्लॅश बंद, फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही बंद, मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी. काजवे झाडावर यावेत म्हणून फांदी हलवणं, दिवा लुकलुकवून त्यांना बोलावणं हे करू नका.

समाजमाध्यमांवर दिसणारे हजारो ठिपक्यांचे फोटो बहुधा अनेक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. तशी रचना केली असेल तर किती मिनिटांचे किती फोटो जोडले ते खाली लिहा. न लिहिल्यास पाहणारा तो एका क्षणाचा देखावा समजतो, तो पाहायला गाड्या घेऊन निघतो आणि दिसला नाही की झाडाच्या आणखी जवळ जातो. नेमक्या झाडाची जागाही जाहीर करू नका, तालुका पुरे.

काजवा महोत्सवाला जावं का?

जायला हरकत नाही, कसं जाता यावर सगळं आहे. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या घाटघर, उडदावणे, पांजरे, मुतखेल, कोलटेंभे या गावांच्या आसपास आणि अभयारण्याबाहेर पुरुषवाडी, तसंच लोणावळ्याजवळच्या राजमाची इथे गावकऱ्यांना या हंगामात चार पैसे मिळतात. झाडं राखण्यामागे हेही एक कारण असतं, ते तुटू नये. पण शनिवारी-रविवारी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, दिवे लागलेले असतात, लोक थेट झाडाखाली जातात. मेक्सिकोच्या त्लास्काला राज्यात बिनपंखी माद्यांच्या काजव्यांवर पर्यटनाने नेमकं हेच संकट आणलं: माद्या पायाखाली जातात.

मंगळवार-बुधवारी जा. गावातल्या वाटाड्याबरोबर सहा-आठ जणांचाच गट करा. गाडी गावात ठेवा, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवू नका, गाणी लावू नका. झाडापासून दहा-बारा मीटर दूर, मळलेल्या वाटेवरच उभे राहा. प्रवेशाचे तास आणि शुल्क दरवर्षी बदलू शकतात, काही भागांत रात्री प्रवेश बंदही असतो. निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

आमच्या शेतात, अंगणात काजवे यावेत म्हणून काय करता येईल?

आधी वणवा थांबवा. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगर पेटला की पाचोळा, त्यातल्या गोगलगायी आणि वरच्या थरातल्या अळ्या एकदम जातात. बांधावरचं गवत पेटवण्याऐवजी कापा आणि निदान दोन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी, डिसेंबर-जानेवारीतच काढा.

राब, म्हणजे रोपं करायच्या जागेवर फांद्या-पाचोळा पसरून ती भाजणं, हा वेगळा विषय आहे. भात-नाचणीच्या रोपासाठी राब भाजणारा शेतकरी छोटा तुकडा भाजतो; त्याच्याकडे बोट दाखवून काजवे वाचत नाहीत. नुकसान होतं ते राबासाठी ऐनाच्या फांद्या बुडापासून छाटल्या जातात आणि जंगलातला पाचोळा ओरबाडून नेला जातो तेव्हा. गादीवाफ्यावर तुसाची काळी राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरून भाताची रोपं राबाशिवाय होतात. हे एका वाफ्यावर करून दाखवलं तर शेजारी करून पाहतात.

दाणेदार कीटकनाशक मातीत पडतं, म्हणून अळ्यांना तेच सर्वांत घातक. बांधावर तणनाशक मारणं बंद करा; ओलावा आणि आडोसा दोन्ही तिथेच असतात.

गोगलगायींचं औषधही जपून. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा वापर सगळ्यांना माहीत झाला. त्या गोळ्या लहान देशी गोगलगायींनाही मारतात आणि अळीचं अन्नच संपतं. त्याऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधालगत अंथरा, पहाटे खाली जमलेल्या मोठ्या शंखी गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. बारीक गोगलगायी तशाच राहू द्या.

आणि दिवे. २० मे ते २० जून, सव्वासात ते दहा, एवढाच काळ बाहेरचे दिवे बंद ठेवता आले तर फरक दिसतो. जो दिवा हवाच आहे त्याला वरून टोपी बसवा, पिवळसर किंवा अंबर रंगाचा लावा. निळसर पांढरा एलईडी सर्वांत वाईट. अंधार पुरेसा आहे का हे पाहायला सप्तर्षी उपयोगी पडतात. जूनमध्ये रात्री साडेआठला ते उत्तरेकडे उंच असतात. निरभ्र आकाशात वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर गावाचा उजेड जास्त आहे. ढगाळ रात्री हा उजेड ढगांवरून परत खाली येतो, त्यामुळे निरभ्र रात्रीइतका अंधार त्या रात्री राहत नाही.

दुसरीकडून काजवे आणून सोडले तर?

करू नका. जपानमध्ये गेन्जी काजव्याच्या पश्चिमेकडच्या नरांची चमक साधारण दोन सेकंदांनी येते, पूर्वेकडच्यांची चार सेकंदांनी. तिथे एका भागातले काजवे दुसऱ्या भागात सोडल्याने स्थानिक वाणात सरमिसळ झाली. लय जुळली नाही तर नर-मादींना एकमेकांना ओळखणं अवघड होऊ शकतं. आणि ज्या जागेवरून काजवे गेले तिथे माती, गोगलगायी किंवा अंधार यातलं काहीतरी बिघडलेलं असतं. आणलेले काजवेही तिथे टिकत नाहीत.

यंदा कमी दिसले. संपत चाललेत का?

एका वर्षावरून सांगता येत नाही. वळीव उशिरा आला, तुम्ही चांदण्या रात्री गेलात, आदल्या दिवशी मुसळधार झाली, यातल्या कशानेही आकडा पडतो. त्याच जागेच्या सात-आठ फेऱ्या, निदान पाच वर्षं, एवढं हातात असेल तर घट खरी का ते कळतं. तिन्ही वेळांचे आकडे सलग वर्षं उतरत असतील आणि त्याच काळात जवळ नवे दिवे, रिसॉर्ट किंवा रस्ता झाला असेल, तर तेही तारखेसह वहीत लिहून ठेवा.

नोंदी कुणाला द्यायच्या?

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पण जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडून. गावपातळीवर त्याहून उपयोगी जागा म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ठेवायची असते. काजव्यांची झाडं, हंगामाचे दिवस आणि तुमचे आकडे तिच्यात लिहून घ्या. पुढे झाड तोडायचा किंवा दिवे लावायचा विषय आला तर दाखवायला कागद असतो.

पथदिव्यांसाठीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत विषय घेता येतो. “दिवे बंद करा” एवढंच लिहिलेला अर्ज पडून राहतो. खांबांचे क्रमांक, तारखा आणि तास लिहा, काजव्यांच्या झाडांचा हातनकाशा जोडा, आणि दवाखाना, पाणवठा, शाळेचा रस्ता इथले दिवे चालूच राहतील हे पहिल्या ओळीत लिहा. गावातल्या बायकांना विचारून ती यादी करा. रात्री कोणत्या वाटेने पाण्याला किंवा शेजारी जावं लागतं हे त्यांना नेमकं माहीत असतं, आणि यादीतून सुटलेल्या एका खांबावरून ग्रामसभेत अख्खा ठराव अडू शकतो.